थंडी कोणाची? विमानाचं इंजिन तापवण्याच्या इतिहासातून शिकलेला एक धडा

जानेवारीत सकाळी तुमच्या घरी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवतात का? आमच्या गोरेगावात (जिल्हा गोंदिया) ठेवतात. तेल गोठलेलं असतं, बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. दहा मिनिटं उन्हात ठेवली की काम होतं. आजचा विषय त्या बाटलीपासूनच सुरू होतो, फक्त बाटलीच्या जागी छोट्या विमानाचं इंजिन आहे.

कडक थंडीत छोट्या विमानाचं इंजिन सुरू करण्याआधी बाहेरून तापवावं लागतं. याला 'प्रीहीटिंग' म्हणतात. हा विषय माझ्या पीएचडीत कसा शिरला, त्यानं माझं एक अख्खं प्रकरण कसं पाडलं आणि त्या पडझडीतून काय हाती लागलं, हे आज सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करत असतील किंवा संशोधन आराखडा लिहीत असतील. हा लेख खास तुमच्यासाठी आहे, कारण मी केलेली चूक आराखड्याच्या टप्प्यावरच होते.

एक वाक्य आणि त्यावर उभं केलेलं प्रकरण

गोंदिया शहरापासून साधारण १२ किलोमीटरवर, कामठा गावाजवळ बिरसीचा विमानतळ आहे. तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. छोटी विमानं घिरट्या घालताना आमच्या भागातल्या लोकांना नवीन नाहीत. माझा विषय आहे तंत्रज्ञान आणि ग्रामीण समाज, म्हणून मौखिक इतिहासाच्या मुलाखती घेत होतो. पहिली मुलाखत घरचीच, माझ्या मोठेबाबांची. आयुष्यभर धानाची शेती, ट्रॅक्टर, इंजिन यांच्यात गेलेला माणूस. ते बोलता बोलता म्हणाले, "बाबू, थंडी पडली का इमान उशिरा उडते."

मी वहीत लिहून घेतलं. त्याच महिन्यात मी कॅनडा आणि अलास्कातल्या विमानवाहतुकीच्या इतिहासावर बरंच वाचत होतो. तिथे थंडीत इंजिन तापवण्याच्या एकाहून एक कथा आहेत. दोन्ही गोष्टी डोक्यात जुळल्या आणि आराखड्यात मी झोकात लिहिलं : 'हिवाळ्यात इंजिन थंड पडत असल्याने बिरसी येथील उड्डाणांना विलंब होत असे, इंजिन तापवण्याच्या स्थानिक पद्धतींचा शोध हे या प्रकरणाचे उद्दिष्ट आहे.'

वाचायला बरं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. सल्लागार समितीसमोर मांडण्याआधी मॅडमना दाखवलं. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि विचारलं, "थंडी म्हणजे किती अंश? आणि इंजिन हा शब्द कोणाचा, तुमच्या मोठेबाबांचा की तुमचा?"

माझ्याकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. सहा महिन्यांचं वाचन त्या एका वाक्यावर टेकलेलं होतं. मग ठरवलं की आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर काढायचं. त्यासाठी इंजिन का तापवतात हे मुळातून समजून घेणं आलं. तुम्हीही तंत्रज्ञानाच्या इतिहासात काम करणार असाल तर हा भाग टाळू नका. यंत्र कसं चालतं हे कळल्याशिवाय त्याच्याभोवतीची माणसं काय करत होती हे कळत नाही.

थंडी इंजिनाचं काय करते

छोट्या विमानांत बहुतेक वेळा मोटारीसारखंच पिस्टनचं इंजिन असतं, पण ते हवेनं थंड होणारं असतं. त्यावर थंडीचा मारा तीन बाजूंनी होतो.

पहिली बाजू तेलाची. खोबरेल तेल जसं एका ठरावीक तापमानाला गोठतं, तसं इंजिन ऑइलचं होत नाही. ते हळूहळू घट्ट होत जातं. उन्हाळ्यासाठीचं जाड तेल कडाक्याच्या थंडीत काकवीसारखं होतं. स्टार्टरला इंजिन फिरवणं जड जातं, आणि इंजिन कसंबसं सुरू झालं तरी पंपाला ते तेल ओढता येत नाही. मग फिरणारे भाग तेलाविना एकमेकांवर घासतात.

दुसरी बाजू धातूंची. इंजिनाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि आतला क्रँकशाफ्ट पोलादाचा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकुंचन पावतं. ढोबळ हिशेब करून बघा. ६० मिलिमीटर व्यासाचा भाग आहे आणि तापमान ३० अंशांवरून उणे २० अंशांवर गेलं. ॲल्युमिनियम सुमारे ०.०७ मिलिमीटर आकसेल, पोलाद सुमारे ०.०३५. फरक ०.०३ मिलिमीटरच्या थोडा वर. आकडा क्षुल्लक वाटतो, पण बेअरिंगमधली फटच मुळात काही शतांश मिलिमीटरची असते. म्हणजे तेल घट्ट होतं आणि नेमकी त्याच वेळी त्याला शिरायची जागा अरुंद होते.

तिसरी बाजू इंधनाची. थंड पेट्रोलची वाफ नीट होत नाही, आणि वाफ नाही तर पेट नाही. एखाददुसरा ठोका पडलाच तर ज्वलनातून तयार झालेली पाण्याची वाफ स्पार्क प्लगवर जमून गोठते आणि ठिणगीच बंद होते. मग परत तापवल्याशिवाय इलाज नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. विमान रात्रभर उघड्यावर राहिलं की थंडी इंजिनात मुरते. वरून थोडी गरम हवा मारली तर सिलिंडर तापतात आणि इंजिन सुरूही होतं. पण खालच्या संपमधलं, नळ्यांमधलं आणि ऑइल कूलरमधलं तेल तसंच घट्ट राहतं. म्हणून इंजिन बनवणाऱ्या कंपन्या बजावतात की वरवर तापवू नका. संप, तेलाच्या नळ्या, कूलर, सिलिंडर सगळीकडे उष्णता पोचू द्या. अर्धवट तापवलेलं इंजिन सुरू होतं, म्हणूनच ते जास्त धोक्याचं.

हे काम आलं कुठून

१९२० आणि ३० च्या दशकांत कॅनडाच्या उत्तरेकडे रस्ते नव्हते, रेल्वे फार वर जात नव्हती. खाणी, टपाल, औषधं या सगळ्यांसाठी छोटी विमानं हाच आधार झाला. १९२६ मध्ये जेम्स रिचर्डसन या विनिपेगच्या धान्यव्यापाऱ्यानं वेस्टर्न कॅनडा एअरवेज सुरू केली. हिवाळ्यात विमानांना चाकांऐवजी स्की लावत आणि गोठलेल्या तळ्यांवर उतरवत. तिथे ना हँगर, ना वीज.

मुक्काम पडला की पहिलं काम असायचं ते इंजिन गरम आहे तोवर त्यातलं तेल डब्यात काढून घ्यायचं आणि तो डबा झोपडीत न्यायचा. सकाळी तेल चुलीवर तापवायचं. इकडे विमानाच्या नाकावर जमिनीपर्यंत लोंबणारा कॅनव्हासचा तंबू टाकायचा आणि आत ब्लो पॉट, म्हणजे प्लंबर वापरतात तसा भडकणारा स्टोव्ह, पेटवून ठेवायचा. वर पेट्रोल, तेल आणि कापड. खाली उघडी ज्योत. त्यामुळे आत एक माणूस आग विझवायचं साधन हातात धरून बसलेला. इंजिन पुरेसं तापलं की गरम तेल ओतायचं, तंबू ओढायचा आणि लगेच इंजिन सुरू करायचं. सुरू नाही झालं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हे काम कोण करायचं? बहुतेक वेळा वैमानिकासोबत असणारा 'एअर इंजिनिअर', म्हणजे मेकॅनिक. वैमानिक हातभार लावत, पण जबाबदारी त्याची.

आता इतिहासाच्या पुस्तकात काय उरतं ते बघा. २ जानेवारी १९२९ रोजी वॉप मे आणि व्हिक हॉर्नर हे दोन वैमानिक एडमंटनहून एका छोट्या ॲव्ह्रो एव्हियन विमानात फोर्ट व्हर्मिलियनकडे निघाले. तिकडे घटसर्पाची साथ पसरायची भीती होती आणि त्यांच्याकडे त्यावरचं औषध होतं. कॉकपिट उघडं, हिवाळा कॅनडाचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी औषध पोचवलं. ही कॅनडातली फार गाजलेली कथा आहे आणि दोघांचं कौतुक रास्तच आहे. पण वाचताना स्वतःला विचारा : वाटेतल्या मुक्कामानंतर सकाळी ते इंजिन पुन्हा सुरू होण्याजोगं कोणाच्या हातांनी केलं? ती नावं या कथेत आपल्याला भेटत नाहीत.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर उड्डाणाची नोंद होते, देखभालीची होत नाही. डेव्हिड एजर्टन या इतिहासकारानं 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या पुस्तकात हाच मुद्दा मोठ्या पटावर मांडला आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणजे फक्त शोधांचा इतिहास नाही. वापराचा आणि दुरुस्तीचाही इतिहास असतो. मला बिरसीबद्दल असंच काहीतरी लिहायचं होतं. इथवर माझा विचार बरोबर होता.

चुलीपासून छापील नियमापर्यंत

दुसऱ्या महायुद्धात हे सगळं घरगुती शहाणपण लष्करी शास्त्र झालं. अमेरिकेनं अलास्कात फेअरबँक्सजवळ लॅड फील्ड हा तळ उभारला आणि तिथे १९४० पासून थंडीत विमानं कशी वागतात याच्या चाचण्या सुरू झाल्या. पुढे १९४२ ते ४५ या काळात याच तळावर सोव्हिएत वैमानिकांच्या ताब्यात जवळपास आठ हजार विमानं दिली गेली. तिकडे पूर्व आघाडीवर १९४१-४२ च्या हिवाळ्यात जर्मन विमानदलाची कितीतरी विमानं थंडीमुळे जमिनीवर अडकून पडली.

त्या काळातली एक युक्ती सांगण्यासारखी आहे. इंजिन बंद करण्याआधी वैमानिक एक झडप उघडून थोडं पेट्रोल मुद्दाम तेलात सोडायचा. रात्री तेल थंड झालं तरी पातळ राहायचं. सकाळी इंजिन सुरू होऊन तापलं की पेट्रोल उडून जायचं आणि तेल मूळ जाडीवर यायचं. याला 'ऑइल डायल्युशन' म्हणत. सोबतीला कॅनव्हासच्या जाड नळीतून गरम हवा सोडणारे फिरते हीटर आले. युद्धानंतर विजेचे हीटर आले, जे संपला आणि सिलिंडरला कायमचे चिकटवता येतात. आणि उन्हाळा-हिवाळा दोन्हींत चालणारी मल्टिग्रेड तेलं आली.

पण आपल्या दृष्टीनं सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे छापील सूचना. लायकॉमिंग ही पेनसिल्व्हेनियातली कंपनी आपल्या बहुतेक छोट्या इंजिनांसाठी सांगते की इंजिनाचं तापमान उणे १२ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं असेल तर आधी तापवा. काही मोजक्या इंजिनांसाठी ही रेघ उणे ७ च्या आसपास आहे. कॉन्टिनेन्टल ही दुसरी मोठी कंपनीही साधारण उणे ७ चा आकडा देते. हे आकडे वरकरणी विचित्र वाटतात, पण फॅरनहाइटमध्ये ते १० आणि २० असे गोल आकडे आहेत. म्हणजे आकडा निसर्गाचा नाही, माणसांनी सोयीनं ठरवलेला आहे. यंत्राच्या मॅन्युअलला 'तांत्रिक कागद' म्हणून बाजूला ठेवू नका. ते ऐतिहासिक साधन आहे. कोणी लिहिलं, कुठे बसून लिहिलं, कोणत्या वापरणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, हे सगळं त्यातून वाचता येतं.

लायकॉमिंगचा तेलाचा तक्ताच घ्या. साधारण २७ अंशांच्या वरच्या हवेसाठी एक जाडी, १६ च्या वर दुसरी, गोठणबिंदूच्या आसपास तिसरी, उणे १२ च्या खाली चौथी. एका पानावर जगभरचे ऋतू. या तक्त्यात आपलं गाव कुठल्या ओळीत बसतं, हा प्रश्न मी फार आधी विचारायला हवा होता.

आता बिरसीला या

बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी बांधली १९४० मध्ये, महायुद्धाच्या काळात. नंतर ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होती, १९९८ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली आणि २००५ च्या डिसेंबरात भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. मधल्या काळात जिल्हाही बदलला : १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. (जुनी कागदपत्रं शोधायला जाल तेव्हा भंडारा जिल्ह्याच्या दप्तरातही बघावं लागेल, हे आत्ताच लिहून ठेवा.) पुढे प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून इथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. डायमंड कंपनीची डीए-४० आणि डीए-४२ ही छोटी विमानं इथे प्रशिक्षणासाठी वापरली गेली.

इथे दोन सापळे आहेत आणि मी दोन्हींत पडलो.

पहिला सापळा १९४० चा. लॅड फील्डच्या चाचण्या १९४० ला सुरू, बिरसीची धावपट्टी १९४० ची. मी वहीत दोन्ही तारखांखाली रेघ मारून बाण काढला होता! पण तारखा जुळल्या म्हणजे संबंध जुळला असं होत नाही. दोन्हींमागे एकच महायुद्ध आहे, एवढाच काय तो धागा. अलास्कात काय शिकले ते बिरसीत पोचलं, असं म्हणायला मधला एकेक दुवा दाखवावा लागतो. बाण काढणं सोपं असतं.

दुसरा सापळा कॅनडाचा. इंजिन तापवण्याची कला कॅनडात घडली, बिरसीतली कंपनी कॅनडाची, डीए-४० विमानंही कॅनडात ऑन्टारिओमधल्या लंडन शहरात बनत आली आहेत. किती छान साखळी! पण कंपनी कॅनडाहून येते तेव्हा सोबत कॅनडाची हवा येत नाही.

हवा कोणाची? आमची. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातल्या सगळ्यात थंड ठिकाणांत गोंदियाचं नाव अनेकदा वर असतं. पारा दहाच्या खाली जातो, कधी सात-आठवर. आमच्यासाठी ही कडाक्याची थंडी. शेकोट्या पेटतात, म्हातारी माणसं उन्हाची वाट बघतात. पण लायकॉमिंगची रेघ उणे १२ ला आहे. डीए-४० च्या पेट्रोलवर चालणाऱ्या प्रकारात याच कंपनीचं १८० अश्वशक्तीचं इंजिन असतं. आठ अंश आणि उणे १२ अंश यांत वीस अंशांचं अंतर आहे. म्हणजे आमच्या सगळ्यात गारठलेल्या सकाळीसुद्धा त्या इंजिनाला बाहेरून तापवण्याची गरज पडत नाही. सुरू करायचं, कमी फेऱ्यांवर थोडा वेळ चालू ठेवायचं, तेलाचा दाब आणि तापमान बघायचं आणि निघायचं. याला 'वॉर्म-अप' म्हणतात. प्रीहीट वेगळं आणि वॉर्म-अप वेगळं. प्रीहीट इंजिन सुरू होण्याआधी बाहेरच्या उष्णतेनं होतं. वॉर्म-अप सुरू झाल्यावर इंजिनाच्या स्वतःच्या उष्णतेनं होतो. माझ्या आराखड्यात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी पडले होते.

खरं तर आमच्याकडच्या इंजिनांची अडचण उलटी. मे महिन्यात गोंदियाचा पारा ४५ च्या आसपास जातो. गरम हवा विरळ असते, पंख आणि प्रोपेलर दोघांनाही तिच्यात कमी पकड मिळते, आणि हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाला स्वतःला थंड ठेवणं अवघड जातं. प्रीहीटिंगचा अभ्यास भारतात करायचाच असेल तर लेहला जावं लागेल, जिथे २४ मे १९४८ ला मेहेर सिंग यांनी पहिल्यांदा डकोटा विमान उतरवलं आणि जिथे हिवाळी रात्री पारा उणे २० पर्यंत जाऊ शकतो.

तर, माझं प्रकरण पडलं. 'इंजिन तापवण्याच्या स्थानिक पद्धती' शोधायला निघालो होतो आणि त्यांची गरजच नव्हती.

मग मोठेबाबा चुकले का?

नाही. इथे मॅडमचा दुसरा प्रश्न कामी आला.

मी मुलाखतीची वही परत उघडली. वाक्य जसंच्या तसं होतं : "थंडी पडली का इमान उशिरा उडते." यात इंजिन कुठे आहे? कुठेच नाही. इंजिन हा शब्द माझा होता, कॅनडाच्या पुस्तकांतून आलेला. मोठेबाबांनी एक निरीक्षण सांगितलं होतं, कारण सांगितलंच नव्हतं. कारण मी घातलं आणि त्यांच्या तोंडी दिलं.

परत जाऊन विचारलं, "मोठेबाबा, उशिरा कशानं उडते?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की याला शिकवून काय उपयोग झाला. म्हणाले, "धुकं नाही दिसत का तुला? त्याले तरी कसं दिसन?"

झालं. आमचा जिल्हा तलावांचा. धानाच्या बांध्यांत ओल असते, रात्री आकाश मोकळं, वारा पडलेला. सकाळी जमिनीलगत धुकं बसतं. आणि प्रशिक्षणाची बरीचशी उड्डाणं डोळ्यांनी बाहेर बघून करायची असतात, ज्यासाठी नियमानं साधारण पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसावं लागतं. इंजिन तयार असलं तरी धुकं उठेपर्यंत थांबणं आलं. थंडीच, पण इंजिनाची नाही, हवेची.

तापवणं सापडलं, पण दुसरीकडे

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख 'माझी चूक' म्हणून दोन परिच्छेदांत आटोपला असता. पण त्याच बैठकीत मी मोठेबाबांना सहज कॅनडाची गोष्ट सांगितली : तंबू, स्टोव्ह, चुलीवरचं तेल. त्यांना जराही नवल वाटलं नाही. म्हणाले, ट्रॅक्टरला सकाळी हीटर देतोच की.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला 'हीटर' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं इंधन पेटतं. इंजिन थंड असलं की ही उष्णता धातूत निघून जाते. म्हणून चावी अर्धी फिरवून काही सेकंद थांबायचं, तेवढ्यात आतला प्लग लाल होतो, मग स्टार्टर मारायचा. आणि गंमत अशी की डीए-४२ विमानाच्या बहुतेक प्रकारांत जेट इंधनावर चालणारं डिझेल पद्धतीचंच इंजिन असतं. त्याच्या कॉकपिटमध्येही 'ग्लो' असा दिवा असतो. तो विझला की इंजिन सुरू करायचं. म्हणजे बिरसीच्या धावपट्टीवरचा प्रशिक्षणार्थी आणि गोरेगावच्या बांधावरचा ट्रॅक्टरवाला सकाळी एकाच कारणासाठी काही सेकंद थांबतात. एका दिव्याकडे बघत.

आणखी मागे जा. डिझेलचे पंप घराघरांत येण्याआधी, म्हणजे पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू होण्याच्याही आधी, भारतात हॉर्न्सबीसारख्या विलायती कंपन्यांची 'हॉट बल्ब' इंजिनं येत होती. त्यांच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा ब्लो लॅम्पनं तापवल्याशिवाय इंजिन सुरूच होत नसे. कॅनडाच्या मेकॅनिकच्या हातात होता त्याच जातीचा स्टोव्ह. पण तिथे तापवायचं कारण हवामान होतं. इथे कारण इंजिनाच्या रचनेत होतं. भर मे महिन्यातही गोळा तापवावाच लागायचा. गोंदिया म्हणजे धानाचा आणि भातगिरण्यांचा मुलूख. भातगिरणीसारख्या रोजच्या यंत्रांचा इतिहास किती महत्त्वाचा आहे हे डेव्हिड अर्नोल्ड यांनी 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) मध्ये सायकल, शिवणयंत्र आणि टाइपरायटर यांच्या सोबतीनं दाखवलं आहे.

माझा नवा प्रश्न असा झाला : धानपट्ट्यात इंजिन सुरू करण्याचं कसब कोणाकडे होतं, ते एका पिढीकडून दुसरीकडे कसं गेलं, आणि चावी आल्यावर त्याचं काय झालं? या प्रश्नाची साधनं माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ज्यांनी हँडल मारून, डिकॉम्प्रेशनचा खटका नेमक्या क्षणी सोडून इंजिनं सुरू केली, त्या माणसांची वयं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. सहा महिने मी कॅनडाच्या हिवाळ्यात घालवले. तेवढा वेळ मुलाखतींच्या हिशेबात किती मोठा आहे, हे मला आता कळतं.

तुमच्या आराखड्यासाठी

उपदेश लांबवत नाही. आज रात्री स्वतःचा आराखडा काढा आणि एवढं करून बघा.

१. तुमच्या मुख्य वाक्यातलं प्रत्येक विशेषण मोजता येतं का बघा. 'थंडी' लिहिलं असेल तर किती अंश? 'उशिरा' लिहिलं असेल तर किती वाजता?

२. मुलाखतीतली वाक्यं दोन रकान्यांत मांडा. एकात माणसानं काय पाहिलं, दुसऱ्यात त्यानं काय कारण सांगितलं. दुसरा रकाना रिकामा असेल तर तो स्वतः भरू नका, परत जाऊन विचारा.

३. तुमचा प्रश्न कुठल्या हवेत जन्मला ते शोधा. ज्या पुस्तकातून तो उचलला ते कुठल्या जागेबद्दल आहे? ती अट तुमच्या गावात लागू होते का?

४. दोन सारख्या तारखांमध्ये बाण काढलाय का? मधले दुवे नसतील तर खोडा.

५. जे शोधायला गेलात ते सापडलं नाही तर वही मिटू नका. ते इथे का नाही, आणि त्याच्या जागी काय आहे, हे दोन प्रश्न आधी विचारा.

समितीसमोर मी शेवटी नवा आराखडा मांडला. जुनं वाक्य काढून टाकलं, पण त्याची एक प्रत टेबलासमोर भिंतीवर चिकटवून ठेवली आहे. 'इंजिन' या शब्दाभोवती मॅडमनी लाल पेननं केलेला गोल त्यावर तसाच आहे.

पुढच्या लेखात भातगिरणीतल्या पहिल्या मुलाखतीबद्दल लिहीन. तोवर तुमच्या घरी जुनं इंजिन चालवलेलं कोणी असेल तर एवढंच विचारा : हे सुरू कसं करायचे? आणि मग मध्ये न बोलता ऐका.